‘डिदर’ : थरथर वेगळी, घोळ वेगळा

‘डिदर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर हा प्रश्न टाकून बघा. ई अँड टीसीवाला म्हणेल, सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेला थोडासा नॉईज. मेकॅनिकलवाला, तोही हायड्रॉलिक्स घेतलेला असेल तर, म्हणेल की व्हॉल्व्हच्या कॉइलला दिलेला बारीक हलता करंट. कॉम्प्युटरवाला फोटोतल्या ठिपक्यांचं काहीतरी सांगेल. आणि जीआरईच्या शब्दांची यादी भिंतीवर चिकटवून बसलेला पार्टनर पुस्तकातून मान वर न काढता म्हणेल, ‘टू बी इनडिसायसिव्ह, निर्णय न घेता येणं.’

चौघांचंही बरोबर आहे. पण चौघांनाही एकमेकांचं उत्तर ऐकून ‘हा तोच शब्द?’ असा प्रश्न पडेल. आपण टेक्निकल शब्द रोल नंबरसारखे पाठ करतो. नंबर आला की ‘यस सर’ म्हणायचं, नंबराला अर्थ असतो का हे कोण बघतो! डिदरला मात्र अर्थ आहे, आणि तो कळला की एक भानगड लक्षात येते. ही भानगड फक्त भाषेची नाही, आपल्या ओरलच्या मार्कांपर्यंत येऊन पोचते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ शब्द उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजीत तो ‘डिडरेन’ असा सापडतो, अर्थ थरथरणं, कापणं. सतराव्या शतकात त्याचं ‘डिदर’ झालं. म्हणजे शब्द अगदी गावठी. थंडीच्या प्रदेशातल्या माणसांना दातावर दात वाजतात त्या अवस्थेला काहीतरी म्हणायचं होतं, ते त्यांनी म्हटलं. आपल्याकडे हुडहुडी म्हणतात ना, तसंच. दोन्ही शब्द उच्चारून बघा, दोन्हींत ‘ड’ आपटतो. त्यांची आणि आपली हुडहुडी नात्यातली आहे असं मी म्हणत नाही, पण थंडी वाजली की सगळ्यांची जीभ सारखीच अडखळत असावी.

पुढे कापणं थंडीपुरतं राहिलं नाही. माणूस उत्सुकतेनं कापतो, आनंदानं कापतो, काहीतरी मोठं घडणार म्हणून आतून हलतो. त्या अवस्थेलाही ‘डिदर’ म्हणू लागले. ‘इन अ डिदर’, ‘ऑल ऑफ अ डिदर’ असे वाक्प्रचार आजही डिक्शनरीत आहेत, अर्थ अतिशय उत्तेजित, धडधडत्या अवस्थेत असणं. पाहुणे गल्लीच्या तोंडाशी आले आणि अजून पोहे फोडणीला पडायचेत, तेव्हा घराची जी स्थिती असते ती ‘ऑल ऑफ अ डिदर’. मराठीत आपण तिला तारांबळ म्हणतो. (हा शब्दही लग्नातल्या मंगल श्लोकातल्या ‘ताराबल’वरून आला असं सांगतात. घाई कुठली, तर लग्नाचीच!) याच कामाचा आणखी एक इंग्रजी शब्द म्हणजे ‘ट्विटर’. ‘इन अ ट्विटर’ म्हणजे हर्षानं, उत्सुकतेनं थरथरत असणं. २००६ मध्ये निघालेल्या त्या कंपनीनं २०२३ मध्ये नाव बदलून ‘एक्स’ केलं, त्यामुळे बिचारा शब्द आता पुन्हा चिमण्यांकडे परत गेला म्हणायचा.

इथपर्यंत सगळं ठीक. पण विसाव्या शतकात ‘डिदर’ क्रियापद घसरलं. शरीराचं कापणं मागे पडलं आणि मनाचं हो-नाही, हो-नाही पुढे आलं. आज इंग्रजी पेपरात ‘डिदरिंग’ दिसलं की नव्वद टक्के वेळा ती शिवी असते. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी अफगाणिस्तानबाबत निर्णय लांबवल्याबद्दल ओबामांवर टीका केली, तेव्हा हाच शब्द वापरला होता. धाव घ्यायची की नाही या ‘यस-नो-यस’मध्ये दोन्ही बॅट्समन एकाच टोकाला पोचतात, त्यालाही डिदरिंगच म्हणतील. जुना अर्थ उरला तो ‘इन अ डिदर’सारख्या नामाच्या कोपऱ्यात. तेव्हा वापरायचा फंडा सोपा आहे : क्रियापद दिसलं तर बहुधा घोळ, ‘इन अ’ मागे लागलं तर बहुधा धडधड.

आता मराठीकडे बघा. आपल्याकडेही हलणाऱ्या वस्तूवरून मनाचे शब्द झालेत. चलबिचल, डळमळीत, दोलायमान, सगळे हलण्याचेच. पण ‘थरथर’ मराठीनं त्या रांगेत उभी केली नाही. माणूस रागानं थरथरतो, तेव्हा तो काय करायचं या विचारात पडलेला असतो का? उलट त्याचा विचार पक्का झालेला असतो, समोरच्यानं बाजूला व्हावं! आई मुलाचा रिझल्ट हातात घेताना थरथरते, त्यात अनिर्णय कुठला? ‘थरार’ तर आपण चक्क कौतुकानं वापरतो, थरारक सामना, थरारक चढाई. थरथर म्हणजे आत काहीतरी जोरात चाललंय, एवढंच मराठी सांगते. पुढचा निष्कर्ष काढायची घाई करत नाही. या एका बाबतीत आपली भाषा इंग्रजीपेक्षा शहाणी आहे असं माझं मत आहे, आणि ते मी मागे घेणार नाही.

गंमत अशी, की थरथर आणि घोळ वेगळे ठेवणारी भाषा बोलणारी आपण माणसं, ओरलच्या टेबलावर मात्र दोन्ही एक करून टाकतो.

ओरलचं दृश्य सगळ्यांना माहीत आहे. साठ-सत्तर पोरांची बॅच, एक्स्टर्नलना संध्याकाळची गाडी गाठायची, प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं. बाहेर पॅसेजमध्ये ‘काय विचारतायत रे?’ची कुजबुज. आत गेलेला पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी माध्यमात शिकून आलेला. विषय त्याला येतो. रूमवर तोच चारचौघांना समजावून सांगतो, पीएलमध्ये त्याच्या खोलीत शिरायला जागा नसते. पण इथे आवाज कापतो, पहिलं इंग्रजी वाक्य अर्ध्यात तुटतं, जर्नल धरलेला हात हलताना दिसतो. शेरा येतो, ‘कन्फ्यूज्ड’. त्याच्या मागून आलेला पोरगा, ज्याच्या जर्नलची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, तो पाठ केलेली डेफिनिशन एका दमात म्हणतो. शेरा, ‘कॉन्फिडंट’. दोघांच्या मार्कांत पाच-सहाचा फरक. टर्मवर्कसारखे हे मार्क नंतर कुणी विचारत नाही, पण तो पहिला पोरगा त्या दिवशी मेसमध्ये जेवत नाही, आणि पुढच्या ओरलला आणखी जास्त कापतो.

इंग्रजी शब्दाचं जे झालं तेच इथे झालं. थरथरीला घोळ समजलं गेलं. आणि हे अशा टेबलावर, जिथे बसलेल्या प्रत्येकाला डिदर सर्किटमध्ये काय करतं हे ठाऊक असतं किंवा असायला हवं.

काय करतं ते एकदा नीट बघूया. इलेक्ट्रिकल लॅबमधल्या काकांना तुम्ही पाहिलं असेल. काट्याचं जुनं मीटर रीडिंग घेताना ते काचेला हळूच एक टिचकी मारतात. काटा जरासा हलतो आणि खऱ्या जागी जाऊन थांबतो. बेअरिंगमधल्या घर्षणामुळे तो आधीच कुठेतरी अडकलेला असतो. अडकलेला काटा दिसायला किती स्थिर, किती कॉन्फिडंट! पण दाखवतो चूक. टिचकीनं त्याला थरथर दिली, म्हणून तो खरं बोलला.

या टिचकीचं मोठं भावंड दुसऱ्या महायुद्धातल्या एका गोष्टीत भेटतं. केन पोलमन यांच्या डिजिटल ऑडिओवरच्या पाठ्यपुस्तकात ती आहे. विमानात बसवलेली, गिअर आणि दांड्यांची आकडेमोड करणारी यंत्रं जमिनीपेक्षा उडत्या विमानात अचूक चालत. कारण विमानाच्या हादऱ्यांनी त्यांचे अडकणारे भाग मोकळे राहत. मग म्हणे त्या यंत्रांत मुद्दामच छोट्या थरथरणाऱ्या मोटर बसवल्या, आणि त्या थरथरीला नाव मिळालं डिदर, त्या जुन्या ‘डिडरेन’वरून. गोष्टीतला तपशील किती घासूनपुसून आलाय कोण जाणे, पण तत्त्व सोळा आणे खरं आहे. आजही हायड्रॉलिक प्रपोर्शनल व्हॉल्व्हच्या कॉइलला मुख्य करंटवर सेकंदाला शंभर-दोनशे वेळा हलणारा छोटा करंट चढवतात, त्यामुळे आतला स्पूल एका जागी चिकटून बसत नाही.

विमानात दिशा मोजणाऱ्या रिंग लेसर जायरोचं उदाहरण तर मला फार आवडतं. त्यात दोन लेसर किरण एकाच वाटेनं उलटसुलट फिरतात आणि त्यांच्या फ्रीक्वेन्सीतल्या फरकावरून विमान किती वळलं ते कळतं. पण वळण अगदी हळू असलं, की हे दोन किरण एकमेकांत अडकतात, फ्रीक्वेन्सी एकच होते, आणि यंत्र खुशाल सांगतं, ‘विमान वळतच नाहीये.’ उपाय काय? अख्खा जायरो सेकंदाला काही शे वेळा बारीक हलवत ठेवायचा. या हलवण्यालाही डिदरच म्हणतात. तुम्ही-आम्ही ज्याला कापणं म्हणून हिणवतो, त्यावर कित्येक विमानं आपली दिशा ठरवत आली आहेत.

आता थोडं गणित, घाबरू नका. ५ व्होल्टचा १० बिटचा एडीसी घ्या. पायऱ्या १०२४, म्हणजे एक पायरी साधारण ४.८८ मिलिव्होल्टची. समजा येणारं व्होल्टेज बरोबर ५१२.३ पायऱ्यांइतकं आहे आणि ते जराही हलत नाही. एडीसी जवळच्या पूर्णांकाला जातो, म्हणून रीडिंग ५१२. पुन्हा घ्या, ५१२. हजार वेळा घ्या, हजारही वेळा ५१२. तो ०.३ तुम्हाला जन्मात कळणार नाही. सरासरी काढून काय उपयोग, सगळी रीडिंग एकमेकांची डिट्टो कॉपी! (हॉस्टेलमधल्या जर्नलांची सरासरी काढली तरी हेच होईल.)

आता त्या व्होल्टेजमध्ये अर्धी पायरी खाली ते अर्धी पायरी वर एवढी, कुठल्याही क्रमानं बदलणारी थरथर मिसळा. बेरीज ५१२.५ च्या वर जायला थरथर ०.२ पेक्षा जास्त हवी, आणि तसं दहापैकी तीन वेळा होतं. म्हणजे शंभर रीडिंगपैकी साधारण सत्तर ५१२ येतील आणि तीस ५१३. सरासरी ५१२.३. हरवलेला ०.३ परत आला! कन्व्हर्टर तोच, बिट तेवढेच. फक्त व्होल्टेजला कापायची मुभा दिली.

आवाजात हाच खेळ ऐकू येतो. १९८२ मध्ये बाजारात आलेली ऑडिओ सीडी १६ बिटची, ६५,५३६ पायऱ्यांची. तानपुऱ्याचा शेवटचा झंकार विरत विरत जेव्हा सगळ्यात खालच्या पायरीशी येतो, तेव्हा डिदर नसेल तर तो करकरतो आणि मग एकदम तुटतो. डिदर घातला तर मागे अगदी बारीक सुसकारा राहतो, पण झंकार त्या सुसकाऱ्यातही विरताना ऐकू येत राहतो. चित्रातही तसंच. लॉरेन्स रॉबर्ट्स, जे पुढे अर्पानेटच्या उभारणीमुळे नावाजले गेले, त्यांनी १९६२ च्या एका पेपरमध्ये चित्र कमी बिटमध्ये पाठवण्यासाठी हीच नॉईज मिसळण्याची युक्ती मांडली. हे सगळं नसेल तर काय होतं ते बघायला झेरॉक्सच्या नोट्समधला एखादा फोटो काढा. माणसाच्या जागी काळा डाग आणि पांढरी टाय.

मात्र डिदर चालतो तो दोन अटींवर, आणि त्या दोन्ही मला ओरलच्या टेबलावर ठेवायच्या आहेत.

एक म्हणजे प्रमाण. अर्ध्या-एका पायरीची थरथर उपयोगी. चाळीस पायऱ्यांची थरथर घातली तर सिग्नल बुडतो, मग रीडिंग घेत बसा रात्रभर. पोराची स्वतःची धडधड ही अर्ध्या पायरीची असते. त्यावर ‘एवढं पण येत नाही? कशाला आलात इंजिनिअरिंगला?’ हे वाक्य म्हणजे चाळीस पायऱ्या. ते पोरगा घेऊन आलेला नसतो, ते त्याच्यावर चढवलेलं असतं.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. डिदर असताना एकच रीडिंग घेतलं तर ते उलट जास्त चुकू शकतं. वरच्या उदाहरणात डिदर नसताना चूक कायम ०.३, डिदर असताना एखाद्या रीडिंगची चूक ०.७ सुद्धा येते. फायदा होतो तो अनेक रीडिंगची सरासरी घेतली तरच. थरथरणाऱ्या पोराला एक प्रश्न विचारून ‘नेक्स्ट’ म्हणणं म्हणजे डिदर केलेल्या सिग्नलचं एक सॅम्पल घेऊन मशीन बंद करणं. लॅबमध्ये असं रीडिंग आम्ही लिहिलं असतं तर जर्नल फेकून मारलं असतं आमच्या अंगावर.

काही सर म्हणतील, ‘अरे, कित्येक जण अभ्यास न करता येतात म्हणून कापतात, त्यांचं काय?’ कबूल, असे असतात, आपल्याच विंगमध्ये दोन-तीन सांगता येतील. पण तेही पाच प्रश्नांत कळतं. शून्यावर कितीही थरथर घातली तरी सरासरी शून्यच येते. आणि इंडस्ट्रीत आत्मविश्वास लागतो हे वाक्यही ऐकून माहीत आहे. लागतो ना. पण अडकलेल्या काट्यालाही आत्मविश्वासच म्हणायचं असेल, तर मग इंडस्ट्रीतली मीटरं कोण वाचणार? प्लेसमेंटच्या जीडीत पहिला बोलणारा आणि सर्वांत मोठ्यानं बोलणारा यांना जे फुकटचे मार्क मिळतात, त्याबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल. तो प्लेसमेंट सेलची परवानगी काढून पुढच्या अंकात!

आपण विद्यार्थीही यात कमी नाही. ओरलहून बाहेर आलेल्या मित्राची ‘कसा तत-पप करत होता’ अशी नक्कल रात्री मेसमध्ये कोण करतं? एक्स्टर्नल तर गाडीत बसून निघून गेलेले असतात. ‘डिदर’ची शिवी इंग्रजी पेपरांनी केली, पण आमच्या मजल्यावर ती रोज आम्हीच देतो, फक्त मराठीत.

मागणी फार मोठी नाही, आणि ती डिपार्टमेंटच्या सरांच्या हातातली आहे, युनिव्हर्सिटीपर्यंत जायची गरज नाही. ओरलचा पहिला प्रश्न मार्कांचा नसावा. कुठली प्रॅक्टिकल आवडली, प्रोजेक्ट काय करतोस, असलं काहीतरी, आणि त्याचं उत्तर मराठीत आलं तरी चालावं. काचेला टिचकी म्हणून. त्यानंतर वेगवेगळ्या युनिटवरचे निदान चार छोटे प्रश्न, एका लांबलचक प्रश्नाऐवजी. आणि ब्रेडबोर्ड किंवा मीटर टेबलावरच ठेवावं. ज्याची जीभ अडखळते त्याचा हात कित्येकदा बरोबर वायरवर जातो. साठ जणांच्या बॅचला दीड-दोन तास जास्त लागतील, तर बॅचचे दोन दिवस करावेत. एक्स्टर्नलच्या मुक्कामाची सोय गेस्ट हाऊसमध्ये होऊ शकते, आणि मेसचं जेवण त्यांनाही एकदा कळू दे.